लाल टोपणाची सिरिंज : फार्मसी कौन्सिलला एका फार्मासिस्टचं खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्राखाली माझं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबरही नाही. निनावी पत्रांचं कचेऱ्यांत काय होतं ते मला ठाऊक आहे. तरी फाडण्याआधी हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण नाव का नाही हेच मला सांगायचं आहे.

मी पूर्व उपनगरातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. डी.फार्म. होऊन चोवीस वर्षं झाली, या दुकानात तेरावं चालू आहे. दुकान माझं नाही. लायसन्स मालकांचं, त्यावर रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. कॅश काउंटरच्या वर माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्याच्या एका बाजूला साईबाबा आणि दुसऱ्या बाजूला 'उधारी बंद आहे' ही पाटी. तिघांपैकी लोक काय ते पाटीकडेच बघतात, तेही उधारी मागण्याआधी.

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपती पाच दिवसांवर आले होते. आमच्या भागात तो आठवडा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सीझन, कारण अर्धी वस्ती कोकणात निघालेली असते. "गावाला चाललोय, पंधरा दिवसांच्या काढा." प्रेशरच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या, आणि एसटीत पोराला लागते म्हणून उलटीची. संध्याकाळी सात ते दहा काउंटरसमोर माणसांच्या तीन रांगा, आणि रांग म्हणजे नुसते पुढे आलेले हात.

त्या गर्दीत एक काका आले. आमचं जुनं गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेली, शुगर पंधरा-सोळा वर्षांची, मला 'बाय' म्हणतात. "डॉक्टरान इन्सुलिन बदलल्यान गो बाय," म्हणून त्यांनी चिठ्ठी पुढे केली. आजवर ते मिलीला ४० युनिटचं इन्सुलिन घेत होते. नव्या चिठ्ठीवर मिलीला १०० युनिटची व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, होती, रात्री झोपताना १८ युनिट. मी चिठ्ठी दोनदा वाचली. फ्रिजमधून व्हायल काढली, नाव, बॅच, एक्सपायरी बघितली, बर्फाच्या पाऊचमध्ये घातली, आधीच्यासारखं जेवणापूर्वी नाही, आता फक्त रात्रीच घ्यायचं, हे सांगितलं. तेवढ्यात मागून कोणीतरी "मॅडम, माझं आधी द्या, गाडी आहे" म्हणून ओरडलं आणि मी बिलाकडे वळले. काउंटरवरच्या मुलानं काकांना बघितलं आणि नेहमीच्या सवयीनं सिरिंजचं पाकीट पिशवीत टाकलं. लाल टोपणाच्या. काका नेहमी लालच न्यायचे.

धंद्यातल्यांना पुढचं कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या इन्सुलिनची, केशरी टोपणाची १०० च्या. दिसायला सख्ख्या बहिणी. फरक टोपणाचा आणि अंगावरच्या रेघांचा. लाल सिरिंजमध्ये १८ च्या रेघेपर्यंत ओढलं की ०.४५ मिली येतं. ते ४० चं इन्सुलिन असेल तर झाले १८ युनिट. १०० चं असेल तर ४५. काकांनी चष्मा लावून, ट्यूबलाइटखाली धरून, बुडबुडा टिचकीनं काढून, बरोब्बर अठराच्या रेघेपर्यंत ओढलं. पंधरा वर्षांचा हात. त्यांच्याकडून तसूभरही चूक झाली नाही.

पहाटे चारला दरदरून घाम, थरथर, मुलीला ओळखेनात. ग्लुकोमीटरवर साखर अवघी ४१. चमच्यानं साखरपाणी, रिक्षा, इस्पितळ, ग्लुकोजची सलाइन. वाचले. दोन दिवसांनी घरी आले. गावचा गणपती तेवढा चुकला.

त्यानंतर मुलगी दुकानात आली, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या न्यायला. म्हणाली, "मॅडम, डॉक्टर म्हणतात डोस जास्त गेला. पण बाबा शपथेवर सांगतात, अठराच घेतलं." आणि तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढून काचेवर ठेवली. लाल टोपण. माझ्या पोटात गोळा आला. मी पाठ वळवून केशरीचं पाकीट काढलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "या औषधाला ही सिरिंज लागते. त्या बदलून घ्या." पैसे घेतले नाहीत. नव्या सिरिंजवर १८ कुठे येतात ते पेनानं खूण करून दाखवलं. ती "थँक्यू मॅडम" म्हणून गेली.

'आमच्याकडून चूक झाली' हे तीन शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. आजतागायत आलेले नाहीत.

रात्री शटर अर्धं ओढल्यावर मालकांना सांगितलं. माणूस वाईट नाही. लॉकडाउनमध्ये त्यांनी कुणाचा एक दिवसाचा पगार कापला नव्हता. त्यांनी कॉम्प्युटरवर बिल काढून बघितलं. "मॅडम, बिलात सिरिंज कुठाय?" नव्हती. घाईत मुलानं ती बिलाला लावलीच नव्हती. "मग विषय संपला. तुम्ही तिला सांगितलं असतंत तर आधी तुम्ही उभ्या राहिला असता, मग लायसन्ससकट मी."

आमचं दुकान रविवारी दुपारनंतर बंद असतं. त्यानंतरचे तीन रविवार मी कायदे वाचले, मालक चुकीचं बोलले असं कुठेतरी सापडेल या आशेनं. ते बरोबर बोलले होते. माझी तक्रार तीच आहे.

औषध नियम १९४५ मधला ६५ वा नियम म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. आमचा सगळा जन्म त्या 'देखरेखीखाली'त येतो. मुलाचा हात हा माझाच हात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी पुढे सांगितलं की औषध कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, कशाबरोबर टाळायचं हे रुग्णाला समजावणं आमचं काम आहे. योग्यच आहे, मी त्या नियमाच्या बाजूची आहे. पण मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उघडा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम ८६ विक्रेत्याविषयी आहे. उत्पादकानं दिलेल्या धोक्याच्या किंवा वापराच्या सूचना विक्रेत्यानं पुढे पोचवल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी त्याची. काकांची केस त्या कलमात मापानं शिवल्यासारखी बसते. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. ती अजून संपलेली नाही.

आणि काका त्या पहाटे जागेच झाले नसते तर? तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच झाली. त्याच कलमात डॉक्टरांपुरती वेगळी ओळ घातली आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं तर कमाल दोनच. नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे कोण, तर नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखालची पात्रता आणि मेडिकल रजिस्टरवर नाव असलेला. फार्मसी कायदा १९४८ खाली नोंदलेले आपण त्यात नाही. चिठ्ठी लिहिणं ही 'प्रक्रिया' ठरते की नाही, हा वकिलांचा वाद वकिलांना लखलाभ. आपल्यासाठी तर वादाचीही जागा नाही. आपल्याला सरळ पाच.

डॉक्टरांना आणखी एक आधार आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल. साधी चूक आणि फौजदारी गुन्हा ठरावा इतका घोर निष्काळजीपणा यांत त्या निकालानं फरक केला, आणि गुन्हा चालवण्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्या, उठसूट अटक करू नका, असं बजावलं. मला डॉक्टरांचा हेवा वाटत नाही. त्यांच्या संघटनांनी भांडून, कोर्टात जाऊन ते मिळवलं. प्रश्न असा की आपल्या वतीनं हे विचारायला कोण गेलं? कौन्सिल फक्त रजिस्टर सांभाळायला आहे, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या व्यवसायाची सरकारदरबारी दुसरी दारं कुठली?

एक गमतीची, म्हणजे कडू गमतीची गोष्ट. माल सदोष निघाला तर कायद्यानं मला ढाल दिलेली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम १९, पोटकलम ३. औषध लायसन्सवाल्या होलसेलरकडून घेतलं, योग्य ती काळजी घेऊनही दोष कळण्याजोगा नव्हता, आणि घेतलं तसंच नीट साठवलं, एवढं दाखवलं की विक्रेता सुटतो. म्हणून आमच्याकडे पर्चेस बिलांच्या फायली देवासारख्या जपतात आणि फ्रिजच्या तापमानाची वही रोज भरतात. (काही दुकानांत महिन्याची वही महिनाअखेरीस एका बैठकीत भरतात. तुम्हालाही माहीत आहे, मलाही.) ही ढाल असावीच. १९८६ साली आपल्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी पाडली. तरी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तेच विष खोकल्याच्या औषधातून आलं, वीसहून जास्त मुलं गेली. ०.१ टक्क्याच्या वर नको ते त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के होतं. बाटली हातात धरून, उजेडात बघून, वास घेऊन कुठल्याही फार्मासिस्टला ते कळणार नव्हतं. त्याच्या हातात असतं ते एवढंच की बॅच परत मागवल्याचं कळताच रॅकमधून बाटली काढायची. आणि ते आम्हाला कळतं कशातून, तर केमिस्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून, 'शुभ सकाळ'च्या दोन फुलांमधून.

तर मालाच्या दोषाला ढाल आहे. हाताच्या चुकीला नाही. आणि काउंटरवर रोज घडतात त्या हाताच्या चुका.

घडता घडता राहतात त्या तर मोजदादीपलीकडे. जनरिकच्या रॅकमध्ये कार्बिमाझोल आणि कार्बामॅझेपिन नावाप्रमाणे लावले की शेजारी येतात. एक थायरॉइडचं, दुसरं फिट्सचं. मध्यंतरी एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या, त्यावर 'कार्ब' स्पष्ट, पुढे सीस्मोग्राफ. डॉक्टरांनी औषधाचं जनरिक नाव लिहावं, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत, असा नियम २०१६ पासून आहे. या चिठ्ठीपर्यंत तो पोचला नव्हता. ओपीडीला फोन लावला तर कंपाउंडर म्हणाला, "मागच्या वेळचं होतं तेच द्या." मागच्या वेळी बाई दुसरीकडून घेऊन गेल्या होत्या. शेवटी मी त्यांनाच हळूच विचारलं, "ताई, गोळी कशासाठी आहे? थायरॉइड की फिट्स?" त्यांनी गळ्याला हात लावला. त्या एका हातानं मी वाचले आणि त्याही. हे कुठे लिहून ठेवलं? कुठेच नाही. त्या दिवसापासून आमच्या रॅकमध्ये दोन्ही डबे वेगवेगळ्या खणांत आहेत, एवढीच त्याची नोंद. पलीकडच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते अजून शेजारीच असतील.

लहान मुलांच्या तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५०. आई म्हणते, "तापाचं द्या, एक चमचा देते ते." तिनं चमचाभर थेंब पाजले तर बाळाच्या पोटात ५०० जातात. ड्रॉपरवरच्या रेघेला पेनानं खूण करून देणं हे माझं काम. मी करते. आठवड्यातले सहा दिवस, दिवसातले अकरा तास करते. सातव्या दिवशी, किंवा अकराव्या तासाला, गर्दीत एखादी खूण राहते.

आणि माझ्या 'देखरेखी'चा खरा पल्ला किती ते सांगू? मुलगा मालकांनी ठेवला, मी नाही. स्कीमवर कुठला माल भरायचा ते मालक ठरवतात. "दुसऱ्या कंपनीची द्या, स्वस्त द्या," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं, औषध बदलून देता येत नाही हे नियम ६५ मध्येच लिहिलंय, पण 'नाही' म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि रात्री गल्ला मोजताना ते 'नाही' माझ्या नावावर पडतं. एका बाजूनं जनरिक द्या म्हणून जाहिराती, दुसऱ्या बाजूनं बदलाल तर याद राखा. दोन गोळ्या कापून मागणारा स्ट्रिपची एक्सपायरी छापलेली कडच घेऊन जातो, मग उरलेल्या आठ गोळ्यांचं वय मी लक्षात ठेवायचं. एच-वनचं, म्हणजे वेगळी नोंद ठेवायच्या औषधांचं, रजिस्टर मीच भरते. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि वही तीन वर्षं जपायची. ती वही ही दुकानातली एकच गोष्ट जी पूर्ण माझ्या ताब्यात आहे. कोण आल्यावर ती मागणार हेही ठरलेलं आहे.

सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्यांबद्दल चार शब्द, कारण त्यांच्यामुळे आपली सगळ्यांची पत गेली. मी पास झाले तेव्हा मला पहिली 'नोकरी' तशीच सांगून आली होती. महिन्याला घरपोच काही हजार, दुकानात यायचं नाही, इन्स्पेक्टर आले तर फोन करू, रिक्षानं ये. २०१२ च्या आसपास महेश झगडे एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त असताना 'फार्मासिस्ट दाखवा' ही मोहीम जोरात निघाली. केमिस्टांनी आरडाओरडा केला, पण त्याच वाऱ्यावर माझ्यासारखीला कायमची, उभं राहायची नोकरी मिळाली. अजूनही भाड्याची सर्टिफिकेटं लटकतात. माझ्या बॅचची एक मैत्रीण दोन मुलांना सांभाळत घरी आहे आणि तिचं सर्टिफिकेट तिकडे खाडीपलीकडे दुकान चालवतंय. तिला वाटतं बिनकष्टाचे पैसे. उद्या तिकडे कुणाच्या पिशवीत चुकीची सिरिंज पडली तर लायसन्सवर नाव तिचं. नोंदणी नसलेल्यानं औषध दिलं तर फार्मसी कायद्याच्या कलम ४२ चा दंड जनविश्वास कायद्यानं एक हजारावरून दोन लाखांपर्यंत नेला. त्याबद्दल ओरड करणाऱ्यांत मी नाही. वाढवा अजून.

पण तिला आणि मला एकाच तराजूत तोलू नका. ती काउंटरला नव्हतीच. मी होते, जागी होते, चिठ्ठी दोनदा वाचली होती, आणि तरी चुकले. आज तुमच्याकडे या दोन गोष्टींसाठी एकच भाषा आहे: तक्रार, नोटीस, चौकशी, आणि शेवटी कलम ३६ खाली रजिस्टरवरून नाव काढणं. चूक झाल्यावर तासाभरात रुग्णाच्या घरी धावत गेलेली फार्मासिस्ट आणि बिलात सिरिंज नाही म्हणून सुटलेली फार्मासिस्ट, यांत शहाणी कोण ठरते? मी शहाणी ठरले. काका आजही येतात. पाकीट उलटंपालटं करून विचारतात, "केशरीच ना गो?" मी म्हणते, "हो काका, केशरीच." ते मला दुवा देतात, कारण त्यांच्या लेखी सिरिंजची भानगड मी शोधून काढली.

इंग्लंडमधलं एक उदाहरण देते. परदेशाचं कौतुक म्हणून नाही. तिथंही आधी असंच होतं, म्हणून. २००९ मध्ये एका बदली फार्मासिस्टला कोर्टानं दोषी ठरवलं. प्रेडनिसोलोनच्या जागी प्रोप्रॅनोलॉल गेलं होतं, नावं वाचून बघा म्हणजे कळेल कसं. तीन महिन्यांची स्थगित कैद झाली. पुढच्या वर्षी अपिलात ती जाऊन फक्त दंड राहिला. पण तिथल्या प्रत्येक फार्मासिस्टनं त्यातून एकच धडा घेतला, गप्प राहायचं. मग त्या व्यवसायातल्या लोकांनी नऊ वर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये कायदा बदलला. नोंदणीकृत फार्मासिस्टकडून, नोंदणीकृत दुकानात, काम करताना अनवधानानं चुकीचं औषध गेलं आणि कळताच रुग्णाला तातडीनं कळवलं, तर त्या गुन्ह्याविरुद्ध बचाव मिळतो. मुद्दाम केलं किंवा रुग्णाची पर्वाच केली नाही, तर नाही मिळत. नुकसानभरपाई वेगळी, ती द्यावीच लागते, आणि त्यासाठी तिथं प्रत्येकाला व्यावसायिक विमा सक्तीचा आहे. म्हणजे रुग्णाचा हक्क जागच्या जागी, आणि खरं बोलणाऱ्याला तुरुंगाची भीती कमी.

इतकं सगळं तुमच्या हातात नाही हे मला समजतं. कायदा दिल्लीत बदलतो. पण मुलुंडला तुमचं औषध माहिती केंद्र आहे, आमच्या रिफ्रेशर कोर्सची यादी तुमच्याकडे आहे, आणि राज्यातल्या प्रत्येक फार्मासिस्टचा पत्ता तुमच्याकडे आहे. त्यात बसणारं एक काम मी सुचवते.

औषधाचा दुष्परिणाम कळवायचा फॉर्म तुम्ही बघितला असेल. फार्माकोव्हिजिलन्सचा, जो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जातो. २०१० पासून तो कार्यक्रम चालू आहे. त्या फॉर्मवर एक वाक्य छापलेलं आहे, ज्याचा भावार्थ असा की हा फॉर्म भरला म्हणजे कळवणाऱ्यानं किंवा उत्पादकानं दोष कबूल केला असं होत नाही. रुग्णाची ओळख गुप्त राहील हेही त्यावर आहे. केवळ त्या वाक्याच्या जोरावर मी आजवर चार फॉर्म भरले. एकाला पुरळ, एकीला घोट्याला सूज, असे. माझा हात थरथरला नाही.

तेच वाक्य काउंटरवरच्या चुकांच्या फॉर्मवर छापा. फार्मासिस्टचं नाव नको, दुकानाचं नको, रुग्णाचं तर नकोच. काय द्यायचं होतं, काय गेलं, कसं कळलं, आता काय बदललं, एवढ्या चार ओळी. माहिती केंद्रात त्या वाचायला एक शहाणं माणूस बसवा. तीन महिन्यांनी त्याचं एक पान करून सगळ्यांना पाठवा: लाल-केशरी सिरिंज वेगळ्या खणात ठेवा, हे दोन डबे शेजारी नकोत, थेंबांवर खूण करा. पलीकडच्या गल्लीतल्या मेडिकलपर्यंत माझी चूक पोचवायचा दुसरा रस्ता नाही. आणि एवढं नक्की ठरवून, लिहून द्या की ज्यानं आपण होऊन रुग्णाला सांगितलं, त्याची चौकशी झालीच तर सांगणं त्याच्या बाजूनं धरलं जाईल. आज ते विरुद्ध बाजूला धरलं जाईल या भीतीनं मालकांचं वाक्य खरं ठरतं.

दुसरं, विमा. डॉक्टर व्यावसायिक विमा सहज काढतात. पगारी फार्मासिस्टला कोणी विचारत नाही, आणि मालकांचा दुकानाचा विमा आगीचा आणि चोरीचा. नूतनीकरणाची फी भरताना त्यातच सामूहिक विम्याचा हप्ता घ्या. वर्षाला एका साडीच्या किमतीत होत असेल तर कोणी कुरकुर करणार नाही. कुरकुर करतील ते भाड्यानं देणारे, त्यांना करू द्या.

कलम १०६ मधल्या त्या पाच आणि दोनच्या फरकाबद्दल दिल्लीला पत्र लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यातलं मला फार कळत नाही. मला सिरिंजचं कळतं.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की बाई, आधी त्या काकांना जाऊन सांगा, मग आम्हाला शिकवा. बरोबर आहे. रोज दुकान उघडताना तेच मनात येतं. दोन वर्षांची मुदत संपली की सांगेन असंही एकदा मनात आलं, आणि आपण किती खाली आलोय याची तेव्हा लाज वाटली. हे पत्र लिहायला त्या रात्री बसले.

फॉर्म निघाला तर पहिली नोंद तयार ठेवली आहे. द्यायचं होतं: १०० युनिटचं इन्सुलिन, केशरी टोपणाची सिरिंज. गेलं: १०० युनिटचं इन्सुलिन, लाल टोपणाची सिरिंज. कसं कळलं: मुलीनं रुमालातून आणून दाखवली. काय बदललं: सिरिंज आता फ्रिजच्या दारात, ज्या त्या व्हायलला रबर लावून ठेवतो. रबर मी माझ्या पैशांनी आणले. बिल नाही.

आपली,
रजिस्टरवरची एक फार्मासिस्ट
पूर्व उपनगर, मुंबई